संत्र्याच्या पानावरील कोळशी

विदर्भातील वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातील संत्रा बागायतदार ज्या रोगाला ‘कोळशी’ म्हणतात, तो काटेकोर अर्थाने रोग नव्हे. लिंबूवर्गीय झाडांच्या पानांतील रस शोषणारी काळी माशी आणि तिच्या मागोमाग पानांवर पसरणारी काळी बुरशी या दोहोंचा तो एकत्रित परिणाम आहे. ही माशी शास्त्रीय वर्गीकरणात पांढऱ्या माशीच्याच कुळात मोडते. कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला तिची मादी चक्राकार रांगेत अंडी घालते आणि प्रत्येक अंडे एका आखूड देठाने पानाला चिकटलेले असते. अंड्यातून निघालेले पिल्लू थोडे अंतर चालून एका जागी सोंड खुपसते, पुढच्या अवस्थेत त्याचे चालणे थांबते आणि पाठीवर काटे व कडेला मेणाची पांढरी किनार असलेली काळी चकचकीत टिकली तेवढी पानाला चिकटून दिसते. शोषलेल्या रसातील जादा साखर हे पिल्लू चिकट द्रवाच्या रूपाने बाहेर टाकते, तो द्रव खालच्या पानांच्या वरच्या बाजूवर पडतो आणि त्यावर बुरशी वाढते. काळे पडलेले पान आणि शोषले जाणारे पान ही पुष्कळदा वेगवेगळी असतात, आणि बागायतदाराची नजर साहजिकच काळ्या पानावर जाते.

पानांवरील किडीला झाड देत असलेला प्रतिसाद प्रत्येक किडीगणिक बदलतो. नागअळीने पोखरलेल्या पानावर चंदेरी नागमोडी रेषा उमटतात आणि पान वळते. सायलाने कोवळे शेंडे शोषले की पाने वेडीवाकडी होतात व शेंडे वाळतात. काळ्या माशीच्या बाबतीत मात्र पान आकार बदलत नाही की त्यावर गाठही येत नाही. झाडाचे नुकसान आतल्या आत होते: रसाबरोबर अन्नद्रव्ये जातात, पानांतील नत्राचे प्रमाण घटते, बुरशीच्या थराने सूर्यप्रकाश अडल्यामुळे प्रकाशसंश्लेषण, म्हणजे उजेडाच्या साहाय्याने पानांत होणारी अन्ननिर्मिती, मंदावते, आणि या साऱ्याचा परिणाम पुढच्या बहाराच्या वेळी, फुले कमी येण्याच्या व फळधारणा न होण्याच्या रूपाने उघड होतो. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये असा एखाद्या हंगामाचा काळ लोटत असल्यामुळे बहार फसल्याचा दोष जमिनीला, पाण्याला किंवा हवामानाला देणे सोपे होते.

नागपूरच्या संत्र्याची परंपरा भोसल्यांच्या काळापर्यंत मागे नेली जाते आणि पहिली झाडे औरंगाबादकडून आली असे सांगितले जाते. परंतु घरामागच्या बागेतील फळाचे बाजारी पिकात रूपांतर होण्यास १८६७मध्ये नागपूरपर्यंत पोचलेला लोहमार्ग अधिक कारणीभूत ठरला असावा. दूरच्या बाजारपेठेसाठी एकाच पिकाच्या बागा शेजारीशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी बहार धरण्याचे तंत्र रूढ झाले. या तंत्रात पाणी तोडून झाडाला ताण दिला जातो आणि ताण सोडताना पाणी व खत देऊन फुले एकाच वेळी आणली जातात. जानेवारी-फेब्रुवारीतील फुलांना आंबिया बहार आणि पावसाळ्याच्या आरंभीच्या फुलांना मृग बहार म्हणतात. फुलांबरोबर नवती, म्हणजे कोवळ्या पानांची पालवी, फुटते आणि काळ्या माशीला अंड्यांसाठी नेमकी तीच हवी असते. एकसारख्या बहारासाठी सारा पट्टा एकाच वेळी पालवण्याची जी सोय बागायतदाराने करून घेतली, तीच माशीच्याही पथ्यावर पडली.

या किडीचा उलगडा मात्र तिच्या घरच्या प्रदेशात झाला नाही. मूळची आशियातील ही माशी १९१३मध्ये जमैका बेटावर आढळली आणि १९१५मध्ये ॲशबी यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्या नावात ज्यांचे स्मरण आहे ते रसेल वॉग्लम हे अमेरिकेच्या कृषी खात्याचे कीटकशास्त्रज्ञ होते. फ्लोरिडातील संत्राबागांना छळणाऱ्या पांढऱ्या माशीचे शत्रू शोधण्यासाठी ते १९१०च्या सुमारास भारतात आले होते. लाहोर येथे त्यांना या पांढऱ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालणारा एक अतिसूक्ष्म परजीवी कीटक सापडला आणि त्यांनी तो जिवंत अमेरिकेला नेला, पण तेथे तो टिकला नाही. लांबचा समुद्रप्रवास आणि दोन देशांतील हंगामांचा न जुळणारा मेळ लक्षात घेता त्या अपयशाचे फारसे आश्चर्य वाटू नये.

जमैकानंतर ही माशी क्युबात आणि १९३५मध्ये मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली. नव्या प्रदेशात तिला खाणारे कोणी नसल्याने तिची वाढ बेसुमार झाली. क्युबासाठी क्लॉसेन आणि बेरी या कीटकशास्त्रज्ञांनी १९३०मध्ये मलायातून एक परजीवी कीटक आणला आणि तेथे त्याला चांगले यश आले. मेक्सिकोच्या कोरड्या भागात मात्र दमट हवेला सरावलेला तोच कीटक निष्प्रभ ठरला. तेव्हा १९४८ ते १९५० या काळात कीटकशास्त्रज्ञ हर्बर्ट स्मिथ यांनी भारत व पाकिस्तानात शोध घेऊन तेथील अनेक परजीवी जाती मेक्सिकोला पाठविल्या. त्यांपैकी दोहोंची कामे एकमेकींना पूरक होती: ॲमिटस ही जात माशीची दाटी असताना झपाट्याने वाढून तिचा जोर मोडते आणि दाटी सरली की स्वतःही दिसेनाशी होते, तर एन्कार्शिया जातीचे कीटक मोजक्या माश्या उरल्या तरी त्यांच्यावर जगतात व त्यांना पुन्हा वाढू देत नाहीत. मेक्सिकोतील प्रादुर्भाव काही वर्षांत आटोक्यात आला. पुढे १९७१मध्ये टेक्ससमध्ये आणि १९७६मध्ये फ्लोरिडात माशी आढळली तेव्हाही हेच दोन गट कामी आले.

भारतीय उपखंडातील कीटकांनी मेक्सिकोच्या बागा सावराव्यात आणि विदर्भातील बागांवर मात्र कोळशीचे थैमान चालावे, ही विसंगती वरवरची आहे. परजीवी कीटक येथेही होते व आहेत. परंतु सर्वच कीटकांना मारणारी औषधे वारंवार फवारल्यास माशीआधी तिचे शत्रू नाहीसे होतात, कारण पानाच्या खाली घट्ट चिकटलेल्या पिल्लांपर्यंत वरून मारलेला फवारा नीट पोचत नाही, तर उघड्यावर वावरणारा परजीवी मात्र त्यात सहज सापडतो. काळ्या पानांवर बुरशीनाशक मारण्याने तर मूळ किडीला धक्काही लागत नाही.

नागपूर येथे १९८५मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्राने या किडीच्या पिढ्यांचा नवतीच्या हंगामांशी असलेला मेळ अभ्यासाचा विषय केला. सुमारे निम्मी अंडी फुटली असताना, म्हणजे पिल्ले कोवळी व कवचाविना असताना, फवारणी करावी आणि तिचा रोख पानांच्या खालच्या बाजूकडे ठेवावा, असा सल्ला त्यातून रूढ झाला. क्रायसोपाच्या अळ्या आणि ढालकिडे यांसारख्या मित्रकीटकांना जपणे हाही त्याचाच भाग आहे. हा सल्ला पाळायचा तर बागायतदाराला काळ्या पानाऐवजी हिरव्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या नवतीचे पान उलटून पाहावे लागते, आणि शेजारच्या बागेतही ते त्याच आठवड्यात पाहिले जावे लागते. लहानलहान मालकीच्या, एकमेकींना खेटलेल्या बागांच्या प्रदेशात यातील दुसरी अट औषधाच्या निवडीपेक्षा कठीण ठरत आली आहे.