कार्बनचा क्षणभंगुर 'रेणू' : चॉक रिव्हर, १९६०

१/ कॅनडातील चॉक रिव्हर प्रयोगशाळेत १९५९ साली टँडेम व्हॅन डी ग्राफ जातीचा पहिला त्वरक सुरू झाला. ऋणभारित आयन आत ओढायचा, त्याचे इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे आणि धनभारित झालेल्या त्याच आयनाला पुन्हा बाहेर ढकलायचे, अशी त्याची युक्ती. एकच विद्युत्‌दाब त्यामुळे दोनदा कामी येई.

२/ आल्मक्विस्ट, ब्रॉमली आणि क्यूनर यांनी या यंत्रातून कार्बनवर कार्बनचाच मारा केला. दोन कार्बन-१२ एकरूप झाले की मॅग्नेशियम-२४ बनते. पण सुमारे २ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतके उद्दीपित. तिथे ऊर्जापातळ्यांची इतकी दाटी असते की त्या एकमेकींत मिसळून जातात. म्हणून अभिक्रियेचा आलेख सरळपणे चढत जावा, अशीच अपेक्षा होती.

३/ १९६० मध्ये हाती आली ती तीन ठळक शिखरे, ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. हा योगायोग म्हणावा, तर बाहेर पडणारे प्रोटॉन, न्यूट्रॉन, अल्फा कण आणि गॅमा किरण यांचे आलेख स्वतंत्रपणे हलायला हवे होते. ते त्याच ऊर्जांवर एकत्र उंचावत होते. हे रेझोनन्स, म्हणजेच अनुस्पंदन होते.

४/ शिखराची रुंदी सुमारे १ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार त्या अवस्थेचे आयुष्य सेकंदाच्या १० चा विसावा घात इतक्या भागाहूनही कमी ठरते. तरीही नुसते घासून निघून जायला लागणाऱ्या वेळेपेक्षा ते बरेच अधिक. जणू दोन कार्बन आपापली ओळख राखून एकमेकांभोवती क्षणभर फिरत राहतात. 'अणुकेंद्रकीय रेणू' ही कल्पना इथूनच रुजली. ऑक्सिजन-१६ च्या जोडीत मात्र अशी तीक्ष्ण शिखरे दिसली नाहीत.

५/ याचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही. हेलियम संपल्यावर जड तारे कार्बन जाळतात, तेही याच अभिक्रियेने, पण याहून बरीच कमी, सुमारे २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासच्या ऊर्जेवर. तिथे विद्युत् प्रतिकर्षणामुळे अभिक्रिया इतकी विरळ होते की थेट मोजमाप जवळपास अशक्य. वरच्या ऊर्जेचा आलेख खाली वाढवून अंदाज करावा, तर मध्येच दडलेले एखादे शिखर तो अंदाज कोलमडून टाकू शकते.

६/ २०१८ मध्ये इटलीतील संशोधकांनी 'ट्रोजन हॉर्स' या अप्रत्यक्ष पद्धतीने अशी शिखरे आढळल्याचे 'नेचर'मध्ये मांडले. त्यांच्या विश्लेषणावर आक्षेपही आले. तारा कार्बन कोणत्या तापमानाला पेटवतो, हा प्रश्न त्यामुळे आजही त्या तीन शिखरांच्या वाटेनेच सोडवावा लागतो.