राम मराठे
राम मराठे (२३ ऑक्टोबर १९२४ – ४ ऑक्टोबर १९८९) हे हिंदुस्तानी शास्त्रीय गायक, गायक-नट व संगीत नाटकांचे संगीतकार होते. त्यांचा जन्म पुण्याचा. पुढे ते ठाण्यात स्थायिक झाले. 'प्रभात'च्या 'गोपालकृष्ण' (१९३८) या चित्रपटात त्यांनी बालवयात कृष्णाची भूमिका केली. त्या चित्रपटाचे संगीतकार मास्तर कृष्णराव हे त्यांचे एक गुरू होत. जगन्नाथबुवा पुरोहित व विलायत हुसेन खाँ यांच्याकडून त्यांना आग्रा घराण्याची तालीम मिळाली. अनवट राग व जोडराग यांवर त्यांचे विशेष प्रभुत्व होते.

बोलपटांच्या रेट्यामुळे संगीत रंगभूमीला उतरती कळा लागल्यानंतरच्या काळात विद्याधर गोखले यांचे 'मंदारमाला' (१९६३) रंगमंचावर आले. मराठे यांनी त्याला संगीत दिले, शिवाय त्यात भूमिकाही केली. प्रसाद सावकार यांच्यासमवेतची जुगलबंदी ही तर या नाटकाची ओळखच ठरली. तिच्यातील नाट्य संवादांवर अवलंबून नाही. दोन गायकांची चढाओढ आलाप-तानांतूनच रंगत जाते. मैफलीचे गाणे नाटकाला जड होते, या आक्षेपाला ही जुगलबंदी बिनतोड उत्तर आहे. गोखले यांच्याच 'मेघमल्हार'चे संगीतही मराठे यांचे.

त्यांच्या स्मरणार्थ ठाणे महानगरपालिकेतर्फे संगीत समारोह भरवला जातो.