मला कुणी काय म्हनलं न्हाय

आजी इंदापूरच्या बाजारात तितर-लाव्हे विकायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर फासे गुंडाळले आणि ती खुरपायला जाऊ लागली. आम्ही फासेपारधी. लोकांनी कधी त्रास दिला का, असं विचारलं की ती म्हणायची, "मला कुणी काय म्हनलं न्हाय. आपल्या मानसांचे मात्र लई हाल झाले."

हीच आजी गावात चोरी झाली की पोरं काखेत घेऊन रात्रभर ज्वारीत बसायची. पाऊस आला की पाल झाकायचं, चोरी झाली की पाल सोडायचं. त्याला त्रास म्हणतात, हे तिच्या गावीही नव्हतं.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच चोर ठरवल्या. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही त्यातून 'विमुक्त' झालो. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, तेव्हा पोलिसांना पारध्यांची पालं नव्याने शोधावी लागली नाहीत.

१९९० साली मॉन्ट्रियलमधल्या हैतीच्या आणि भारतीय बायकांवर मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. आमच्या लोकांवर अन्याय होतो, पण माझ्यावर तेवढा नाही, असं त्या सांगत. वाचताना मला आजीचाच आवाज ऐकू आला. कुणी म्हणतं, असे लोक दुखणं नाकारतात. मला वाटतं, रोज उठून स्वतःला मार खाल्लेला माणूस म्हणवून घेत जगता येत नाही.

जून १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलिसांच्या ताब्यात मेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालमध्ये पुरुलियाचा, विमुक्त जमातीतलाच बुधन सबर तसाच गेला होता. महाश्वेतादेवी आणि गणेश देवी यांच्या गटाने दोन्ही प्रकरणं लावून धरली. मी तेव्हा बारामतीत शिकत होतो. मेसमध्ये एकाने विचारलं, "तुमच्यातला का रे?" मी म्हणालो, "हो, पण आमच्या घरचं तसं काही नाही."

काळे, भोसले, पवार, चव्हाण ही आडनावं आमच्यातही आहेत आणि पाटलांच्या वाड्यातही. पुढे खोली बघायला गेलो, तेव्हा मालकाने विचारलं, "कुठले भोसले?"

"इंदापूरकडचे."

भाडं ठरलं.