जुनी मोटारगाडी : कमी पैशांतील खरेदी (नाशिक रोड)

एकदा कोणाच्या तरी नावावर नोंदली गेलेली खाजगी चारचाकी दुसऱ्याने विकत घेणे. व्यवहारात ‘सेकंड हँड गाडी’. जाहिरातीची भाषा ठरलेली असते : ‘सिंगल ओनर, एमएच-१५ पासिंग, कंपनी मेंटेन, इंजिन पॅक’. यातली पहिली दोन विधाने आरसी बुकवरून पडताळता येतात, तिसरे सर्व्हिस रेकॉर्डवरून. चौथे विकणाऱ्याच्या शब्दावर सोडावे लागते. येथे विचार आहे तो दोन-अडीच लाखांच्या आतल्या गाडीचा. या पैशांत मिळणारी गाडी बहुधा दहा वर्षे ओलांडलेली असते. तिच्या बाबतीत मॉडेलपेक्षा आधीचा मालक कोण आणि नोंदणीची किती वर्षे उरली, हेच जास्त मोलाचे.

पहिल्या मुद्द्यावर नाशिक रोडचे गिऱ्हाईक नशीबवान आहे. १९२५ साली सुरू झालेली इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२८ची करन्सी नोट प्रेस, रेल्वे, मध्यवर्ती कारागृह, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र यांभोवती ही पगारदारांची वस्ती वाढली. ड्युटीवर दुचाकीने जायचे आणि चारचाकी लग्नकार्याला, शिर्डीला किंवा गावी जायला काढायची, असा इथल्या अनेक घरांचा शिरस्ता. जेल रोड, उपनगर, देवळाली गाव या भागांत निवृत्त माणसाची, कव्हराखाली उभी असलेली ऑल्टो किंवा वॅगन आर ओळखीतून मिळाली, तर डीलरचे कमिशनही वाचते. मात्र कमी चाललेली गाडी म्हणजे निर्दोष गाडी नव्हे. उभ्या गाडीची बॅटरी बसते, रबरी पाइप कडक होतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसली तरी असे टायर बदलायचेच, हे धरून भाव करावा.

देवळालीतल्या तोफखान्याच्या छावणीमुळे बदलीवर निघालेल्या लष्करी कुटुंबांच्या गाड्याही विक्रीला येतात. त्या नीट वापरलेल्या असतात, पण पासिंग परराज्याचे निघू शकते. तसे असल्यास मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८) आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर हा खर्च गाडीच्या भावात धरलाच पाहिजे. २०२१पासून दिल्या जाणाऱ्या ‘बीएच’ मालिकेच्या गाडीचा कर सहसा दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो. पुढचा भार घेणाऱ्यावर येतो. दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांमागेही सरळ कारण आहे. तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तिथला माल इतर राज्यांकडे वळला. मुंबई-ठाण्याच्या एमएच-०२, एमएच-०४ गाड्यांचा प्रश्न वेगळा : खारी हवा आणि पावसाळ्यात तुंबलेले पाणी.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढावा. गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर मातीची रेघ दिसली की चर्चा तिथेच थांबवावी. सीटखालची रूळपट्टी आणि डिकीतल्या स्टेपनीखालचा खोलगट भाग गंजलेला नसावा. ठोकलेली गाडी काचा सांगतात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात सालाची खूण असते; एकच काच वेगळ्या सालची असेल तर का, हे विचारावे. बॉनेटच्या आणि पुढच्या मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग पान्याने उडालेला असेल, तर तो भाग कधीतरी उतरवला गेला आहे. मीटर मागे फिरवणे मेकॅनिकसाठी तासाभराचेही काम नाही, म्हणून आकड्यापेक्षा क्लचच्या पॅडलचे रबर किती घासले आहे ते बघावे.

ट्रायल थंड इंजिनावरच घ्यावी. ‘गाडी गरम करून ठेवतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणावे; पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवला की कळतेच. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. बिटको चौकाच्या गर्दीत क्लच कळतो. त्याची खरी परीक्षा पुणे महामार्गाने शिंदे-पळसे ओलांडून सिन्नरकडे जाताना मोहदरी घाटात होते. एसी चालू, चार माणसे आत, आणि चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी पुढे खेचत नसेल तर क्लचप्लेट संपली आहे. तापमानाचा काटा घाट चढून गेल्यावरही बघत राहावा. ज्या मालकाला एवढी ट्रायल जास्त वाटते त्याची गाडी सोडावी.

मॉडेलबद्दल थोडक्यात : ऑल्टो, वॅगन आर, आय-टेन यांचे सुटे भाग सहज मिळतात आणि दुरुस्ती गल्लीतल्या गॅरेजात होते. महिंद्राच्या नाशिक कारखान्यात २००७पासून बनलेली लोगन आणि तिचेच पुढचे रूप व्हेरिटो ऐसपैस असून स्वस्तात जातात. आपल्या गावची गाडी म्हणून मन ओढ घेते, पण त्या बंद झाल्या आहेत आणि भागांसाठी फिरावे लागते.

सर्वांत जास्त फसगत कागदांत होते. मालकाने सही केलेले कोरे टीटी फॉर्म (फॉर्म २९ आणि ३०) घेऊन गाडी हातोहात फिरते आणि आरसीवर नाव पहिल्याचेच राहते. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा, घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. अशाच हातोहात गेलेल्या गाडीच्या अपघातात भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवले. त्यामुळे नावबदलाची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. पेठ रोडच्या आरटीओचे काम एजंटवर सोपवले तरी परिवहन विभागाच्या पोर्टलवर थकलेले ई-चलान, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा स्वतः बघावा. कर्ज फिटले म्हणजे बोजा उतरला असे नाही. त्यासाठी बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. सीएनजी किट बाहेरून बसवले असेल तर त्याची आरसीवर नोंद आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी, दोन्ही तपासावे. जुन्या गाड्यांच्या डीलरांनाही १ एप्रिल २०२३पासून आरटीओचे अधिकारपत्र लागते. ते दाखवायला सांगितले की बोलण्याचा सूर बदलतो.

नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षे वाढते, पण नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी सहाशेवरून पाच हजार रुपये झाले आणि वर पर्यावरण कर आहे. म्हणून चौदा वर्षांची गाडी लाखाला घेण्यापेक्षा अकरा वर्षांची दीड लाखाला घेणे बहुधा परवडते. ठरवलेल्या पैशांतला पाचवा हिस्सा टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट आणि पहिल्या सर्व्हिससाठी बाजूला ठेवावा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे तेवढा फरक नव्या मालकाला भरावा लागतो.