हाडांची मजबुती : घरातल्या बायकांनी विशेष लक्ष द्यावं

हाड आयुष्यभर झिजतं आणि पुन्हा भरत राहतं. साधारण तिशीपर्यंत साठवण होते, पुढे खर्च सुरू होतो. पाळी बंद झाल्यावर बायकांमध्ये ही झीज झपाट्याने वाढते. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. मग एक दिवस अम्मी मोरीत घसरतात आणि खुब्याचं हाड मोडतं.

आहार : आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना रोज 1000 मिलीग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी बंद झालेल्या बायकांना 1200. आपण पायाच्या शोरब्यावर भरवसा ठेवतो, पण त्यात कॅल्शियम फार कमी उतरतं. 100 ग्रॅम नाचणीत मात्र 300 मिलीग्रॅमहून जास्त असतं. दूध, दही, तीळ आणि काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळीही चांगली.

ऊन : कॅल्शियम अंगी लागायला व्हिटॅमिन डी हवं. बुरख्यात किंवा घरातच राहिल्याने ऊन कमी मिळतं. गच्चीवर, अंगणात आडोसा करून दुपारच्या सुमारास हातपायांवर थोडा वेळ ऊन घ्यावं. खिडकीच्या काचेआडचं ऊन उपयोगाचं नाही.

व्यायाम : रोज अर्धा तास भरभर चालावं, जिने चढावेत.

सवयी : तंबाखू आणि सिगारेट हाडं कमकुवत करतात.

उंची घटली, पाठीला बाक आला किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलं, तर डॉक्टरांना डेक्सा तपासणीबद्दल विचारावं. गोळ्या मनाने घेऊ नयेत.

आणि आजच एक करू या : दुधाचा ग्लास मुलाइतकाच मुलीलाही देऊ या. तिची साठवण आत्ताच होतेय.