न वापरलेली डिपेन्डन्सी, मुक्काम अंजनवेल

ओपन सोर्स वेब ॲप्लिकेशनवर काम करणाऱ्याला एक कंटाळवाणं काम हमखास माहीत असतं: न वापरलेल्या डिपेन्डन्सीज काढणं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी एका फीचरसाठी लायब्ररी घातलेली असते. फीचर गेलं, लायब्ररी राहिली. ती काही करत नाही, पण दर बिल्डला खाली उतरते, सोबत स्वतःच्या पंधरावीस लायब्रऱ्या आणते, आणि त्यातल्या एकीत भोक सापडलं की धावपळ आपली. बघणाऱ्याला वाटतं, एक ओळ पुसली की संपलं. पण आधी शोधावं लागतं की तिला कोण कोण हाक मारतंय, आणि तिच्या जिवावर आणखी काय काय उभं आहे.

महाराष्ट्रानं हे काम एकदा भलत्याच मोठ्या आकारात करून पाहिलंय. कोडमध्ये नाही, रत्नागिरी जिल्ह्यात, अंजनवेलला.

अंजनवेल म्हणजे गुहागर तालुक्यातलं, वाशिष्ठी खाडीच्या मुखावरचं गाव. वर गोपाळगड. पण जगात गाजलं ते नाव 'दाभोळ'. दाभोळ खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात! दाभोळ पॉवर कंपनीचा प्रकल्प उभा राहिला तो अलीकडे, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या जमिनीवर. म्हणजे व्हेरिएबलचं नावच चुकलेलं. असो.

एन्रॉन आणि राज्य वीज मंडळ यांच्यात जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार. मधल्या काळात, एप्रिल १९९३ मध्ये, जागतिक बँकेनं प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. म्हणणं साधं होतं: आयात गॅसवरची ही वीज महाग पडेल आणि मंडळाला स्वतःची स्वस्त वीज बाजूला ठेवून ती घ्यावी लागेल.

आता करारातली खरी गोम. वीज घ्या किंवा घेऊ नका, संच चालवायला तयार आहे म्हटल्यावर स्थिर आकार भरायचाच. त्यातही बराचसा हिशेब डॉलरशी बांधलेला, आणि १९९३ मध्ये एकतीसच्या आसपास असलेला डॉलर २००१ पर्यंत सत्तेचाळीसच्या घरात गेला. मंडळाच्या बिलाला राज्य सरकारची हमी. राज्याच्या हमीला केंद्राची प्रतिहमी. आपल्या भाषेत, डिपेन्डन्सीची डिपेन्डन्सी. आपल्याकडे निदान लॉक फाइल उघडून कुणालाही ही साखळी वाचता येते. इथे करारच गोपनीय.

तरी लोकांनी वाचलाच. पुण्यातल्या 'प्रयास'च्या गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी १९९५ मध्ये प्रकल्पाचं तांत्रिक-आर्थिक विश्लेषण करून मंडळावर किती बोजा पडेल ते मांडलं. मला या सगळ्या गोष्टीत हेच लोक सगळ्यात आवडतात. घोषणा नाही, आकडेमोड.

घोषणांची कमी नव्हतीच म्हणा. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू म्हणणारं युतीचं सरकार मार्च १९९५ मध्ये आलं, मुंडे समिती नेमली आणि ३ ऑगस्टला प्रकल्प रद्द! कंपनी लंडनला लवादात गेली. आणि मग पुन्हा वाटाघाटी. मूळ करारात पहिला टप्पा (६९५ मेगावॅट) बंधनकारक होता, दुसरा मंडळाच्या मर्जीवर. नव्या करारात दोन्ही गळ्यात, एकूण २१८४ मेगावॅट. दर कमी झाल्याचं सांगितलं गेलं, पण डिलीट करायला गेलो आणि दुप्पट नव्हे, तिप्पट इन्स्टॉल करून आलो, असा हा प्रकार. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारनं प्रतिहमीही मंजूर केली.

या सौद्यात गावांना कुणी विचारलं नाही. जून १९९७ मध्ये वेलदूरला पोलिसांनी पहाटे घरांत शिरून बायकांना मारहाण करून पकडून नेलं. ह्यूमन राइट्स वॉचनं १९९९ मध्ये यावर अख्खा अहवाल काढला. वीजदराच्या चर्चेत हे पान बहुतेक वेळा गळतं.

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला, तोही गॅसवर नाही, नाफ्थ्यावर. तेल महागलं, मंडळानं वीज कमी घ्यायला सुरुवात केली. पण स्थिर आकार तेवढाच, त्यामुळे जितकी कमी घ्यावी तितकं युनिट महाग! २००० मध्ये काही महिने दर सात रुपयांच्याही वर गेला. बिलं थकली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीनं केंद्राकडे प्रतिहमीचे पैसे मागितले. एप्रिलमध्ये गोडबोले समितीचा कडक अहवाल आला, मे महिन्यात मंडळानं करार मोडला आणि संच थांबले. दुसरा टप्पा तेव्हा नव्वद टक्के बांधून झालेला होता. डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

म्हणजे पॅकेज काढलं म्हणायचं का? छे. सरकारी बँका आणि वित्तसंस्थांचं कर्ज अंजनवेलला अडकलेलं होतं, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल लवादात होत्या. तडजोड व्हायला २००५ उजाडलं. त्याच वर्षी एनटीपीसी आणि गेल यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी झाली आणि २००६ पासून संच पुन्हा फिरू लागले. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि २०१३ च्या अखेरीस पुन्हा सामसूम. २०१५ नंतर रेल्वेला वीज देण्यापुरते काही संच चालू झाले.

गंमत म्हणजे या प्रकल्पाला गॅस पुरवण्यासाठी जे एलएनजी टर्मिनल जोडलेलं होतं, ते सुरू झालं जानेवारी २०१३ मध्ये, संच थांबण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. २०१८ मध्ये ते वेगळं काढून कोकण एलएनजी नावाची स्वतंत्र कंपनी केली गेली. वीज प्रकल्पाचं काहीही होवो, टर्मिनलला गिऱ्हाईक मिळालं. फक्त लाटा अडवणारा बांध अर्धवट राहिल्यामुळे पुढची कितीतरी वर्षं पावसाळ्यात तिथे गॅसची जहाजं लागू शकत नव्हती.