दाखल्यापासून लेखनिकापर्यंत : जालना जिल्ह्यातील विद्यार्थी-साहाय्याचा पूर्वेतिहास

जालना जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळत आलेल्या साहाय्याचा माग काढू लागले की समुपदेशकाच्या खोलीआधी कचेरीची खिडकी लागते. मार्गदर्शन, आर्थिक सवलत आणि दिव्यांगांसाठीची सोय या तिन्ही गोष्टी या भागात प्रथम दाखल्याच्या रूपाने अवतरल्या. त्या दाखल्यामागच्या माणसाशी बोलणारा माणूस नेमावा, ही कल्पना फार उशिरा आली.

१९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू असल्याने मराठी घरातून आलेल्या मुलाला विषय शिकण्याआधी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातून पुढे शिकायचे तर गोदावरी खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने हैदराबाद गाठावे लागे, आणि तेथे कोणाकडे उतरायचे व कोणता विषय घ्यायचा हे सांगणारा बहुधा नात्यातला, गावचा किंवा जातीचा कोणी आधी गेलेला विद्यार्थीच असे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले, २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि जालन्यातही जे. ई. एस. महाविद्यालय व पुढे बारवाले महाविद्यालय यांसारख्या संस्था उभ्या राहिल्यावर हे अंतर कमी झाले. खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला सल्ला देण्याचे काम मात्र ज्याच्या अंगावर पडले त्यानेच केले : कधी वसतिगृहाच्या रेक्टरने, कधी मराठीच्या प्राध्यापकाने आणि पुष्कळदा शिष्यवृत्तीचा अर्ज तपासणाऱ्या लिपिकाने. या लिपिकाची नोंद कोणत्याही शैक्षणिक इतिहासात सापडत नाही, पण कोणता दाखला तहसीलमधून आणायचा, कोणता तलाठ्याकडून आणि शेवटची तारीख कोणती, हे ज्याला पाठ होते तोच त्या काळचा खरा मार्गदर्शक म्हटला पाहिजे.

या दाखल्यांमध्ये जालन्याचा स्वतःचा ठसा उमटला तो दुष्काळाचा. खरीप वा रब्बी पिकांच्या उताऱ्याचा शासकीय अंदाज, ज्याला पूर्वी आणेवारी व आता पैसेवारी म्हणतात, पन्नास पैशांच्या खाली आला की टंचाईच्या सवलती लागू होतात आणि त्यांत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही येते. २०१२-१३ च्या भीषण टंचाईत या जिल्ह्याने ती अनुभवली. म्हणजे शेतातल्या बाजरी-कपाशीच्या अंदाजावर बी. ए.च्या परीक्षेची फी ठरते. शेतीशी इतके घट्ट बांधलेले विद्यार्थी-कल्याण अन्यत्र क्वचितच दिसेल.

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील काही तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर मिळून स्वतंत्र जालना जिल्हा झाला. एरवी प्रशासकीय वाटणारी ही घटना विद्यार्थ्याच्या, विशेषतः अपंग विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठी होती, कारण अपंगत्वाचे प्रमाणपत्र देणारे जिल्हा शल्यचिकित्सक आणि शिष्यवृत्ती देणारे समाजकल्याण कार्यालय यांसाठी औरंगाबादची साठेक किलोमीटरांची किंवा परभणीची वाट धरण्याची गरज त्यामुळे संपली. बियाणे उद्योजक बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या गणपती नेत्रालयाने शहराला नेत्रोपचारात नाव मिळवून दिले. मात्र उपचार ही एक गोष्ट आणि टक्केवारीचा कागद ही दुसरी.

ही टक्केवारी १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने निर्णायक केली. या कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. २०१६ च्या कायद्याने प्रकार एकवीस केले, उच्च शिक्षणातील आरक्षण पाच टक्क्यांवर नेले आणि ते चाळीस टक्के वा अधिक, म्हणजे ‘लक्षणीय’, दिव्यांगत्वाशी जोडले. नव्या यादीत अध्ययन अक्षमताही आली, म्हणजे बुद्धी शाबूत असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत येणारा कायमचा अडथळा. परंतु तिचे प्रमाणपत्र देणारी केंद्रे प्रारंभी मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत होती; जालना जिल्ह्यातील मंठा किंवा जाफराबादच्या मुलापर्यंत ते प्रमाणपत्र पोहोचण्याआधी ‘अभ्यासात कच्चा’ हा शेरा पोहोचत असे.

कायद्याचा खरा कस लागला तो परीक्षेच्या बाकावर. लेखनिक म्हणजे अंध किंवा हाताने लिहू न शकणाऱ्या परीक्षार्थीचे उत्तर त्याच्या तोंडून ऐकून जसेच्या तसे उतरवणारी व्यक्ती. २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लेखनिकाचे शिक्षण, गुण वा वय यांची अट घालू नये, त्याऐवजी पर्यवेक्षण कडक करावे, असे म्हटले होते. २०१८ च्या सूचनांनी परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा, असे ठरवले. तासामागे किमान वीस मिनिटे भरपाईची वेळ मिळते, म्हणजे तीन तासांची उत्तरपत्रिका चार तासांत लिहिता येते. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावी, परीक्षेच्या हंगामात, चार तास बसू शकणारा, अक्षर सुवाच्य असलेला आणि अर्थशास्त्रातील संज्ञा ऐकून नीट उतरवू शकणारा धाकटा विद्यार्थी शोधायचा आणि त्याच्या एसटीची वेळही सांभाळायची, हे काम बहुधा परीक्षार्थीच्या घरच्यांवर येते. पायरीची अट गैरप्रकार रोखण्यासाठी आहे हे मान्य केले, तरी तिची किंमत प्रामाणिक विद्यार्थीच अधिक मोजतो. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाचा हक्क चाळीस टक्क्यांच्या मर्यादेत कोंडता येणार नाही, असा निर्वाळा दिला; त्यानुसार २०२२ मध्ये निघालेल्या सूचनांनीही अखेर लिहिण्यातील अडचणीचे शासकीय वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलेच.

समुपदेशनाचा प्रवास याहून वेगळा. या शब्दात ‘उपदेश’ दडलेला असावा हा एक विनोदच आहे, कारण उपदेश न करता ऐकून घेणे हा त्या व्यवसायाचा पहिला धडा. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅक’ने, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेने, विद्यार्थी-साहाय्य हा गुणांकनाचा स्वतंत्र निकष केला आणि त्यानंतर राज्यभर समुपदेशन कक्षांच्या पाट्या, पालक-शिक्षकांच्या याद्या आणि चाकाच्या खुर्चीसाठीचे उतार दिसू लागले. हा कक्ष बहुधा मानसशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवला जाई. ज्याच्या हाती अंतर्गत गुण आहेत त्याच्यापाशीच मन मोकळे करायचे, ही विसंगती त्या रचनेतच होती. त्यातही लक्षात घेण्याजोगे असे की, या जिल्ह्यात मानसिक आधाराची शासकीय सेवा आधी पोहोचली ती विद्यार्थ्यांच्या बापांपर्यंत : २०१५ च्या सुमारास राज्याने आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आखला, त्यात मराठवाड्याचे सर्व जिल्हे होते आणि गावातील आशा कार्यकर्तीने शेतकरी कुटुंबातील ताण हेरून पुढे कळवायचा होता. त्याच घरातली मुले सकाळच्या एसटीने महाविद्यालयात जात होती.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावे, असे निर्देश दिले. शंभराची ही रेषा जालन्यातील बहुतेक पदवी महाविद्यालये सहज ओलांडतात.